वर बघणारी पाच माणसं

(दृश्य : कॉलेज रोड, नाशिक. सकाळचे साडेदहा. फुटपाथवरून ये-जा.)

फुटपाथच्या कडेला एक मुलगी थांबते. मान वर करते आणि समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे टक लावून बघू लागते. खिडकीत काहीच नाही, पडदासुद्धा हलत नाही. बरोबर साठ सेकंदांनी ती मान खाली घेते आणि निघून जाते. थोड्या वेळाने त्याच जागी पाच जण येऊन उभे राहतात आणि त्याच खिडकीकडे बघतात. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली बसलेले दोघे वहीत खुणा करतायत.

सामाजिक मानसशास्त्र नुकतंच शिकायला लागलेल्या मुलांचं हे प्रॅक्टिकल. मूळ प्रयोग न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर स्टॅन्ली मिलग्रॅम, लिओनार्ड बिकमन आणि लॉरेन्स बर्कोविट्झ यांनी केला, आणि तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. सहाव्या मजल्यावरची खिडकी, पन्नास फूट लांबीचा फुटपाथ, साठ सेकंदांची एक फेरी. एकच माणूस वर बघत होता तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांनी वर पाहिलं, पण थांबले फक्त ४ टक्के. पंधरा जण वर बघत होते तेव्हा ८६ टक्क्यांनी वर पाहिलं आणि ४० टक्के थांबले.

पाहणं आणि थांबणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या, ही या प्रयोगातली खरी हुशारी. मान वर करायला काही खर्च येत नाही, ते चालता चालता होतं. थांबायचं तर बस चुकेल, मागून येणारा धडकेल. म्हणून एकट्या माणसामागे नजर जाते, पाय जात नाहीत. पाय थांबवायला घोळका लागतो.

(दृश्य : खडूने आखलेल्या दोन रेषा. वहीतला तक्ता.)

नाशकात हे करायचं तर आधी जागा नीट निवडायला हवी. काळाराम मंदिराजवळ किंवा रामकुंडावर हा प्रयोग फसतो. कळसाकडे बघून हात जोडणारा भाविक तुमच्या वहीत 'वर पाहिलं' म्हणून नोंदला जातो. मेन रोड, शालिमारच्या बाजूला माणसं फुटपाथ सोडून रस्त्यातून चालतात; तिथे कुणी थांबलं तर ते थेट रिक्षाच्या वाटेत येतं, आणि कुणाला इजा होईल असा प्रयोग करायचा नसतो. सरळ, मोकळा फुटपाथ आणि समोर उंच इमारत, एवढं पुरे.

जमिनीवर पंधरा मीटर अंतराने खडूच्या दोन रेषा मारा. या पट्ट्यात जो येईल तोच मोजायचा. आता व्याख्या. 'वर पाहिलं' म्हणजे मान उचलली आणि नजर खिडकीच्या दिशेने गेली. मोबाइलवरून नुसती वर आलेली मान धरायची नाही. 'थांबला' म्हणजे दोन्ही पाय निदान दोन सेकंद एका जागी. हे दोन्ही कागदावर लिहून ठेवा. प्रयोग सुरू झाल्यावर व्याख्या बदलली तर आधीच्या सगळ्या नोंदी बाद.

वर बघणारे किती असावेत? शून्य, एक, तीन आणि पाच. यातला शून्य मुलांच्या बहुतेक प्रॅक्टिकल जर्नलांमध्ये नसतोच, आणि तिथेच निकाल लंगडा होतो. कुणीही वर बघत नसताना किती जण सहज वर बघतात, हे माहीत नसेल तर पाच जणांमुळे किती वाढले ते कशावरून सांगणार? प्रत्येक प्रकाराच्या पाच फेऱ्या, म्हणजे एकूण वीस. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर 'पाच'च्या सगळ्या फेऱ्या नेमक्या कॉलेज सुटायच्या वेळी येतील. दोन फेऱ्यांमध्ये सात मिनिटं जाऊ द्या, म्हणजे आधीची माणसं पांगतात. एका फेरीला आठ मिनिटं धरली तर एकूण दोन तास चाळीस मिनिटं होतात. ते दोन दिवसांत विभागा, पण वेळ तीच ठेवा.

निरीक्षक दोघे असावेत आणि त्यांनी एकमेकांशी बोलू नये. समजा चाळीस माणसं गेली आणि छत्तीस माणसांबद्दल दोघांची नोंद जुळली, तर एकमत ९० टक्के. ते ऐंशीच्या खाली गेलं तर दोष बहुधा व्याख्येत असतो. ती दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

सगळ्यात जास्त फसगत कुठे होते? कॉलेजची मुलं घोळक्याने चालतात. चौघांतला एक थांबला की बाकीचे तीन आपल्या मित्रासाठी थांबतात, खिडकीसाठी नाही. ते चार होकार नव्हेत. म्हणून एकटे चालणारेच मोजा. दुसरं, वर बघणारे पाच जण मित्र असतील तर विसाव्या सेकंदाला कुणीतरी फिसकन हसतं. मग लोक खिडकीकडे न बघता त्यांच्याकडे बघतात. ती फेरी रद्द करून पुन्हा घ्यायची.

आणि कुणी विचारलंच, "काय झालं हो?", तर खरं सांगायचं, "कॉलेजचं प्रॅक्टिकल आहे, काका." आग लागलीय, कुणी उडी मारतंय, असलं काही बोलायचं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे चित्रित करायचे नाहीत, नावं टिपायची नाहीत.

(दृश्य : वर्ग. फळ्यावर तीन रेषा, बाजूला एक रेषा.)

लोक वर का पाहतात? मॉर्टन डॉइच आणि हॅरोल्ड जेरार्ड यांनी १९५५ साली दाखवलेला फरक इथे उपयोगी पडतो. इतरांना काहीतरी माहीत असणार असं वाटलं म्हणून त्यांच्यामागे जाणं वेगळं, आणि आपण वेगळे पडू नये म्हणून जाणं वेगळं. खिडकीचा प्रसंग पहिल्या प्रकारचा.

दुसऱ्या प्रकाराचं नेहमीचं उदाहरण म्हणजे सॉलोमन अ‍ॅशचे रेषांचे प्रयोग. तीन रेषांपैकी कोणती बाजूच्या रेषेएवढी, एवढंच सांगायचं. शेजारी बसलेले सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. अठरा फेऱ्यांपैकी बारा अशा. उत्तर डोळ्यांसमोर लख्ख असतं. तरी या बारा फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाप्रमाणे चुकीची आली. पेपरात मुलं लिहितात, 'माणूस गटापुढे झुकतो', आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण ६३ टक्के उत्तरं बरोबर होती, आणि जवळपास एक चतुर्थांश लोक एकदाही झुकले नाहीत. खोलीत खरं बोलणारा फक्त एक साथीदार दिला की चुकीची उत्तरं पाव हिश्शावर आली. हा साथीदार उत्तरपत्रिकेत आलाच पाहिजे, कारण बाकीचं सगळं जसंच्या तसं ठेवून एवढं एकच बदललं होतं.

मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाचंही तेच. प्रयोगकर्ता सांगेल तसे दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायचे; झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. १९६३ च्या अहवालातली ४० माणसं, त्यातली २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेली, हा ६५ टक्क्यांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण मिलग्रॅमने तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बदलून पाहिला. प्रयोगकर्ता खोलीतून निघून गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे २१ टक्के उरले. झटके द्यायला सोबत बसवलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा चाळिसातले चार. माणसं तशीच, साधी, शहरातली. अंतर बदललं, सोबत बदलली. या विषयाचा गाभा या बदलांच्या तक्त्यात आहे, आणि ६५ चा एकटा आकडा पाठ करणाऱ्याच्या हाती तो येत नाही.

१९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग, म्हणजे विद्यार्थ्यांनाच रक्षक आणि कैदी बनवून केलेला प्रयोग, मात्र जपून शिकवावा. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, हे खरं. पण रक्षकांना कडक वागायला सांगितलं जात होतं, हे नंतर ध्वनिफितींतून पुढे आलं. सांगून केलेल्या क्रूरतेला आपोआप उमटलेली क्रूरता म्हणता येत नाही.

(दृश्य : गोदाघाट, संध्याकाळ. ढोल पथकाचा सराव.)

गणपतीच्या आधीचे दिवस. नवीन मुलाच्या कमरेला ढोल बांधलाय. एकट्याने वाजवताना हात बरोबर पडतो, आणि घाटावर बघणारे जमले की चुकतो. शेजारचा जुना वादक मात्र माणसं जमली की आणखी खुलतो. रॉबर्ट झायन्स याने १९६५ मध्ये याचा खुलासा केला. इतरांच्या उपस्थितीने शरीर उत्तेजित होतं आणि जी कृती हाताला सगळ्यात सवयीची, तीच बाहेर येते. पक्क्या हाताला सवयीचा ठेका असतो, कच्च्या हाताला सवयीची चूक. पथकप्रमुखाने यातून एवढंच घ्यावं, की नवा ठेका आधी आडबाजूला घोटून घ्यायचा आणि मग घाटावर आणायचा.

पन्नास ढोल एकत्र वाजू लागले की दुसरी गोष्ट सुरू होते. आपला एकट्याचा आवाज कुणाला ओळखू येत नाही आणि हात सैल पडतो. बिब लटाने आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली लोकांना ओरडायला सांगून हे मोजलं. आपल्याबरोबर आणखी पाच जण ओरडतायत असं नुसतं वाटलं, तरी माणूस एकट्याच्या ७४ टक्के जोरानेच ओरडत होता. सरावात पाच-पाच जणांना वेगळं वाजवायला लावलं की प्रत्येकाचा हात ऐकू येतो.

(दृश्य : मुंबई-आग्रा महामार्ग. वाहनांची रांग.)

अपघात होतो. चाळीस माणसं जमतात, पुढे कुणी होत नाही. लगेच ऐकू येतं, 'माणुसकी राहिली नाही.' जॉन डार्ली आणि लटाने यांच्या १९६८ च्या प्रयोगात, फिट आलेल्या माणसाचा आवाज आपण एकट्यानेच ऐकतोय असं वाटणारे ८५ टक्के लोक मदतीला धावले. आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. माणुसकी तेवढीच होती, पण जबाबदारी पाच जणांत वाटली गेली. म्हणून गर्दीला उद्देशून 'कुणीतरी फोन करा' म्हणण्यात अर्थ नसतो. एकाकडे बोट करायचं : "दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन लावा."

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, आणि परदेशी पाठ्यपुस्तकात ती सापडणार नाही. पोलिसांचा ससेमिरा, कोर्टाच्या फेऱ्या यांची भीती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. हे वर्गात सांगितलंच पाहिजे, कारण ही भीती दूर करणं हाही परिस्थिती बदलण्याचाच प्रकार आहे.

दोष माणसाच्या स्वभावाला देण्याची ही सवय जगभर सारखी नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना केली. म्हैसूरची प्रौढ माणसं वागण्याचं कारण देताना प्रसंग आणि नातेसंबंध यांचा उल्लेख जास्त करत होती. तेव्हा पाठ्यपुस्तकात याच सवयीला दिलेलं नाव, 'मूलभूत गुणारोपण दोष', त्या प्रकरणात त्यातलं 'मूलभूत' कितपत मूलभूत, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा.

(दृश्य : रामकुंड. पायऱ्या, आणि घाटाकडे उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या.)

२७ ऑगस्ट २००३, सिंहस्थातल्या पर्वणीचा दिवस. इथे गर्दीत ३९ भाविकांचा जीव गेला. अशा घटनेला आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो. या शब्दात आरोप लपलेला आहे, जणू घाबरलेली माणसं एकमेकांना तुडवत पळाली. गर्दीत माणसाची बुद्धी हरपते, हे गुस्ताव्ह ले बॉन यांचं १८९५ चं मत अजून आपल्या बोलण्यात टिकून आहे. गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन वेगळं सांगतात. एका चौरस मीटरमध्ये सात माणसं झाली की गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागते. मागून आलेला दाब लाटेसारखा पुढे सरकतो आणि माणसाची स्वतःच्या पायांवरची सत्ता जाते. मृत्यू बहुधा गुदमरून येतो, काही वेळा उभ्या उभ्या. पुढे काय चाललंय ते मागच्यांना दिसत नसतं.

आणि तीच गर्दी माणसाला बळही देते. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर राहणारे कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले लोक यांची तुलना भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. थंडी, गोंगाट आणि दाटी सोसूनही मेळ्यानंतर महिन्याभराने कल्पवाशांनी स्वतःची तब्येत आणि मन आधीपेक्षा बरं असल्याचं सांगितलं. सोबतचे सगळे 'आपले' वाटणं हे त्यामागचं एक कारण. पण 'आपले' वाटलं म्हणून चौरस मीटर मोठा होत नाही. पुढच्या पर्वणीची तयारी करणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी हाताशी लागतील.

(दृश्य : कॉलेजचं मैदान. खडूने आखलेला एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन.)

मुलं एकेक करून चौकोनात येतात. तिघं गप्पा मारतायत. चौघं झाल्यावर पाठीवरच्या पिशव्या काढून बाहेर ठेवाव्या लागतात. पाचव्याला खांदे आडवे करावे लागतात. सहावी आत आल्यावर कुणालाच वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. चौकोनाला भिंत नाही, कुणीही केव्हाही बाहेर पडू शकतं, म्हणून सगळे हसतायत. सातवा मुलगा रेषेवर उभा राहून पाय ठेवायला जागा शोधतोय, आणि बाहेर थांबलेली मुलगी वहीत वेळ लिहून घेतेय.