शिंगवाला सागरपुरुष

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्वी लग्नातल्या पितळी भांड्यांवर नावं घालून घ्यायची पद्धत होती. टिकटिक आवाज करत कारागीर अक्षरं उमटवायचा आणि नंतर त्यांवरून बोट फिरवलं की धातूत उतरलेली रेघ हाताला लागायची. आज ज्या चित्रांविषयी मी बोलणार आहे, ती अशाच रेघांची आहेत. फक्त या रेघा केसासारख्या बारीक.

जर्मनीतल्या न्युरेम्बर्गचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर हा सोनाराचा मुलगा. वडिलांच्या हाताखाली शिकतानाच कोरणी त्याच्या हातात बसली. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरणी तळहाताने रेटत रेघा काढायच्या, त्यांत शाई भरायची, वरवरची शाई पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. छाप उलटा येतो, म्हणून कोरायचंही उलटंच.

तेव्हा इटलीत आंद्रेआ मान्तेन्या या चित्रकाराचं ‘सागरदेवांचं युद्ध’ हे मुद्राचित्र, म्हणजे असंच पत्र्यावरून छापलेलं चित्र, गाजत होतं. कमरेच्या वर माणूस आणि खाली मासा असे धटिंगण त्यात एकमेकांशी झुंजतात, तेही माशांच्या जुड्या हाणून! ड्यूररने 1494 मध्ये त्याच्या उजव्या भागाची शाईने नक्कल केली. ती आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. मान्तेन्याच्या छायेच्या रेघा सरळ, तिरप्या, एकाच दिशेने पडणाऱ्या. ड्यूररने आकृत्यांच्या बाह्यरेषा तशाच ठेवल्या, पण आतल्या रेघा वळवून दंडाच्या, पोटाच्या, शेपटीच्या गोलाईवरून फिरवल्या. मला ही नक्कल फार मोलाची वाटते. दुसऱ्याच्या रेघेवर हात चालवता चालवता त्याला स्वतःची रेघ सापडली.

पुढे 1498 च्या सुमारास त्याने जे कोरलं, त्याला तो स्वतः ‘मेअरवुंडर’ म्हणायचा, म्हणजे समुद्रातलं नवल. दाढीवाला, खवल्यांच्या अंगाचा एक सागरपुरुष पोहत निघाला आहे. डोक्यावर हरणाचं शिंग, जवळ ढालीसारखी कासवाची पाठ आणि जनावराच्या जबड्याचं हाड. त्याच्या अंगावर एक विवस्त्र स्त्री पहुडली आहे, केसांवर मोठा भरजरी साज. मागे किनाऱ्यावर तिच्या मैत्रिणी पाण्यातून धडपडत बाहेर पडताहेत आणि एक माणूस हात उंचावून धावत येतोय. वर डोंगरावर किल्ला. ही गोष्ट नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचं आजवर एकमत नाही. पण ते खवले बघा! एकेक खवला वेगळा काढलाय, एकेकावर स्वतंत्र सावली पडली आहे. न पाहिलेल्या प्राण्याला त्याने पाहिलेल्या प्राण्याइतकाच वेळ दिला, म्हणून पाचशे वर्षांनीही तो खराच वाटतो.

आणि खरा प्राणी बघायची ओढ त्याला किती होती! 1520 च्या डिसेंबरात तो अँटवर्पच्या बाजूला असताना बातमी आली, की नेदरलँड्समधल्या झीलंडच्या किनाऱ्यावर वादळाने एक प्रचंड देवमासा आणून टाकला आहे, शंभर वावांहून लांब (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर). ऐन थंडीत ड्यूरर निघाला. वाटेत एका बंदरात होडीचा दोर तुटला, वाऱ्याने होडी समुद्राकडे ओढली, आत मोजकीच माणसं. त्याने तांडेलाला धीर दिला, कसंबसं शीड चढवलं आणि सगळे काठाला लागले. एवढं करून तिथे पोचेपर्यंत भरतीने देवमासा परत नेला होता! त्याच प्रवासात त्याला एक विचित्र आजार जडला, ज्याची तक्रार तो पुढे रोजनिशीत करत राहिला.

देवमासा हुकला, पण 1521 मध्ये वॉलरस या सुळेवाल्या समुद्री प्राण्याचं डोकं त्याने कागदावर उतरवलं. ते चित्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुळे, राठ मिशा, मानेवरच्या वळ्या, ओले डोळे. शेजारी त्याने आपल्या हाताने नोंद केली आहे: ज्या सुस्त जनावराचं डोकं मी इथे काढलं, ते नेदरलँड्सच्या समुद्रात पकडलं गेलं, लांबी 12 एल (एल हे तिकडचं कापड मोजायचं जुनं माप), पाय चार.