पिकअपचं हब बेअरिंग: घरघर कुठून येते, आणि बदलताना आपणच ते कसं बिघडवतो

थांबा, आधी हा आवाज ऐका. मी गप्प बसतो.

(चाक हातानं फिरवतो. खर्र, खर्र, खर्र.)

ऐकलंत? जात्यात खडा आल्यासारखं. पिकअपचं हे पुढचं चाक जॅकवर उचललंय, इंजिन बंद आहे आणि मी ते नुसतं हातानं फिरवतोय. चांगल्या बेअरिंगचा असा आवाज येत नाही.

नमस्कार मंडळी. आज चाकाचं हब बेअरिंग, म्हणजे ज्यावर हब आणि चाक सहज फिरतं तो छर्‍यांचा किंवा रोलरचा भाग. ते झिजून जातं हे खरं, पण नवीन घातलेलं बेअरिंग लवकर गेलं तर संशयित दोनच: हातोडा आणि नट. त्यामुळे आज या दोघांबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

आधी निदान. वेग वाढला की एक घुमणारा आवाज वाढत जातो. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाका. इंजिनचा आवाज उतरला, पण घरघर तशीच राहिली, तर दोष चाकाकडे आहे. आता वेग तोच ठेवून गाडी हळूच डावीकडे, मग उजवीकडे झुकवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग गेलेलं असतं.

'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या पहिल्या पिकअपमध्ये आवाज डावीकडून येतोय अशी माझी शंभर टक्के खात्री होती. अख्खा रविवार घालवून डावा हब बदलला, फेरी मारली, घरघर जशीच्या तशी! गेलेलं होतं उजवं. आवाज चॅसीतून फिरत केबिनमध्ये येतो आणि कान फसतात. तेव्हापासून चाक उचलून बघितल्याशिवाय मी सामान विकत आणत नाही.

आणि हो, टायर. कडा खड्डे-उंचवटे पडल्यासारख्या झिजल्या असतील तर टायरही हुबेहूब असाच घरघरतो. ट्रेडवरून तळहात फिरवून बघा. शंका वाटली तर पुढचे टायर मागे टाका. आवाज मागे गेला, तर बेअरिंगला कशाला दोष द्यायचा?

आता चाक उचलायचं. मागच्या चाकांना अडण लावा आणि गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. घड्याळात बारा आणि सहा जिथे असतात तिथे चाक धरून हलवा. टकटक लागली? मग कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबला की हब नकलला, म्हणजे हब ज्यावर बसतो त्या भागाला, धरला जातो. आता ढिलाई गेली तर ती बेअरिंगची, तशीच राहिली तर बॉल जॉइंट (नकलला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) बघा. फक्त तीन आणि नऊवरच हलत असेल तर टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) बघायचा. कॉइल स्प्रिंग असेल तर अजून एक सोपी युक्ती: एका हातानं चाक फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर बोटांना मुंग्या आल्यासारखं जाणवतं. कानाला ऐकू यायच्या आधी ते बोटांना कळतं.

बेअरिंग मुख्यतः दोन प्रकारची. एक म्हणजे हे, सीलबंद हब. बेअरिंग, फ्लँज (चाक टेकतं ती चकती), व्हील स्टड (चाकाचे नट लागतात ते बोल्ट) सगळं एकत्र. यात ग्रीस भरता येत नाही, पूर्ण नगच बदलायचा. दुसरं म्हणजे जुन्या आणि जड गाड्यांत दिसणारं टेपर रोलर बेअरिंग, आतलं एक आणि बाहेरचं एक. हेन्री टिमकेन यांना त्याचं पेटंट १८९८ मध्ये मिळालं, म्हणजे घोडागाडीच्या काळात! कल्पना तीच: तिरके रोलर वरून येणारं वजनही पेलतात आणि वळताना बाजूनं येणारा दाबही.

सीलबंद हब काढूया. फोर बाय फोरमध्ये मधोमध ॲक्सल नट असतो. तो चाक जमिनीवर असतानाच जरा मोकळा करा, मग उचला. पण नट सैल ठेवून गाडी एक फूटसुद्धा ढकलू नका. पुढे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग. काढला की तारेनं वर टांगा, ब्रेकच्या तेलाच्या होजवर लटकत ठेवू नका. डिस्क काढा, एबीएसच्या, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेच्या, सेन्सरची वायर सोडवा आणि नकलच्या मागून हबचे बोल्ट काढा.

आणि इथे अडतं सगळं. बोल्ट निघाले तरी हब जागचा हलत नाही, गंजानं नकलला चिकटलेला असतो. गंज सुटायचं तेल मारून तासभर सोडा. मग मागचे बोल्ट चार-पाच आटे परत लावा आणि त्यांच्या डोक्यावर आळीपाळीनं ठोका, हब सरळ बाहेर येईल. जुनाच हब आहे, कितीही ठोका. फक्त ॲक्सलच्या टोकावर हातोडा मारू नका. आटे चेपले की नवा नट बसत नाही आणि मग ड्राइव्ह शाफ्टचाच खर्च.

नवा हब बसवायच्या आधी हे बघा, इथे, जवळून. नकलच्या तोंडावर हा गंजाचा पापुद्रा आहे. नखाएवढा तुकडा, पण तो राहिला तर हब तिरका बसतो, डिस्क डोलते आणि ब्रेक दाबला की पायाला थरथर लागते. तारेच्या ब्रशनं धातू चमकेपर्यंत घासा. बऱ्याच हबमध्ये एबीएससाठी चुंबकीय रिंग असते. तिला ब्रश नको, हातोडा नको, लोखंडाचा कीसही चिकटू देऊ नका.

काही गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये प्रेसनं बसवावं लागतं. तिथे एकच नियम: जी रिंग बसवायची, दाब तिच्यावरच. बाहेरची बसवताना दाब आतल्या रिंगवर दिला, तर तो छर्‍यांतून जातो आणि रेसवर, म्हणजे छरे धावतात त्या वाटेवर, बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. काही दिवसांत घरघर मात्र परत सुरू होते आणि आपण म्हणतो, 'माल डुप्लिकेट निघाला.'

आता नट. हा टॉर्क रेंचनंच (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना) आवळायचा, इम्पॅक्ट गननं नाही. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, कित्येक गाड्यांत तो २०० न्यूटन मीटरच्या वर असतो. बऱ्याच हबमध्ये बेअरिंगच्या आतल्या दोन रिंगा हाच नट एकत्र दाबून धरतो. कमी पडला तर रिंगा हलतात आणि बेअरिंग खाऊन टाकतात. नट एकदाच वापरायचा असेल तर नवाच घ्या.

टेपर रोलरमध्ये उलटं. तिथे जास्त आवळणं हाच गुन्हा. रेस (इथे रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची रिंग) आणि बेअरिंग जोडीनं बदला. रेस ठोकताना आवाजाकडे कान द्या: बद्द, बद्द, बद्द... आणि तळाला टेकली की ठण्ण. ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत रहा, वरून रोलरच्या फटींतून ग्रीसच्या अळ्या बाहेर येईपर्यंत. वरवर चोपडलेलं ग्रीस काही कामाचं नाही. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, दोन जातींचं मिसळलं तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. आणि धुतलेलं बेअरिंग हवेच्या पाइपनं गरगर फिरवायचा मोह होतो, तो टाळा. कोरडं बेअरिंग त्या वेगानं फुटू शकतं.

बसवताना ड्रम फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सैल सोडा आणि मॅन्युअलच्या पद्धतीनं पुन्हा हलका लावा. किंचित ढिलाई राहिली पाहिजे, साधारण ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर. नट सुटू न देणारी स्प्लिट पिन नवीनच.

देखभालीचं म्हणाल तर पाणी आणि वजन सांभाळा. तापलेला हब खोल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. धुताना प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका. चाक बाहेर दिसावं म्हणून स्पेसर (हब आणि चाकामध्ये घालायच्या चकत्या) लावले तर बेअरिंगवर तरफेसारखा जोर येतो. शोभा वाढते, आयुष्य घटतं, मला तरी ते पटत नाही.

काम झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात न्या. टेकवू नका, डिस्क भाजते. एक बाजू दुसरीपेक्षा खूपच गरम असेल तर परत उघडा. चाकाचे नट समोरासमोर आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. मी त्यासाठी स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवतो, नाहीतर हमखास विसरतो.