चाक जागेवर फिरतं तेव्हा

(पहाट. तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग. रात्री पाऊस झालेला.)

ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, वेलींना कोवळी फूट आलेली आणि त्यातच हा पाऊस. डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी आजच व्हायला हवी. वापसा यायची, म्हणजे रान चालण्याजोगं सुकायची, वाट बघायला सवड नाही. ओढायचा ब्लोअर, म्हणजे चाकांवरचं टाकीवालं फवारणी यंत्र, जोडून छोटा ट्रॅक्टर बागेत शिरतो. टाकी काठोकाठ भरलेली. तिसऱ्याच ओळीत मागचं चाक जागेवर फिरायला लागतं. टायरच्या नक्षीत काळी माती गच्च बसते.

इंजिनात ताकद आहे, पण ट्रॅक्टर हलका. ताकद जमिनीत उतरतच नाही.

(मागचं चाक जॅकवर. व्हॉल्व्हला पाण्याचा पाइप.)

यावरचा स्वस्तातला उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा, पिन काढायची, पाइप लावायचा. मधूनमधून पाइप काढून आतली हवा सोडायची. पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की टायर साधारण ७५ टक्के भरला. उरलेल्या जागेत हवा. एका लिटरला एक किलो, आणि तेही अगदी खाली, चाकातच. दोन्ही चाकांत पाणी सारखंच हवं. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. आपल्याकडे ते नकोच, रिमला गंज चढतो.

टाकी ट्रॅक्टरच्याच मागं उचललेली असेल तर गोष्ट उलटी. मागच्या चाकांवर भार आपोआप येतो, पुढचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग धरत नाही. तिथं वजनाच्या पाट्या पुढं बसवायच्या.

(टायरवर खडूची खूण.)

आता किती वजन, हा खरा प्रश्न. ब्लोअर न जोडता चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो ते मोजा. मग भरल्या टाकीसह त्याच ओळीत पुन्हा १० फेऱ्या. ३० मीटरच्या जागी २६ भरले, तर घसरण १३ टक्के. मऊ रानात एवढी चालते, चालायलाच हवी. घसरण पार थांबवायला वजन चढवत गेलं, की भार गिअरबॉक्सवर येतो आणि माती दबते. बागेत चाक दर फवारणीला त्याच दोन पट्ट्यांवरून जातं. ओल्या काळ्या रानात तो पट्टा घट्ट झाला की पाणी मुरत नाही, अन्नपाणी शोषणारी पांढरी मुळी तिकडं सरकत नाही. माझ्या मते चिखलात रुतण्यापेक्षा हे नुकसान मोठं, कारण ते दिसत नाही.

(कॅमेरा चाकाच्या मागं, जमिनीलगत.)

ठसे बघा. नक्षी पार पुसली असेल तर वजन कमी. साच्यातून काढल्यासारखी स्वच्छ उमटली असेल तर जास्त. इथं कडेला नक्षी दिसते, मधोमध माती थोडी फुटलेली आहे. हे वजन बरोबर बसलंय.