प्रेम आधी की विश्वास आधी? ख्रिस्ती प्रेमकादंबरी निवडताना

मंडळी, मराठीतली पहिली कादंबरी कोणती, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं: बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', साल 1857. ती ख्रिस्ती कादंबरी आहे, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पदमनजींनी ती विधवांचे हाल दाखवण्यासाठी लिहिली. त्यातली यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुढे पुनर्विवाह करते. म्हणजे श्रद्धा आणि लग्न या दोन धाग्यांची गाठ कशी मारायची, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्याच कादंबरीपासून आहे. आज बोलायचं आहे ते मात्र अमेरिका आणि कॅनडातल्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल, कारण 'इन्स्पिरेशनल रोमान्स', म्हणजे श्रद्धेभोवती गुंफलेली प्रेमकथा, म्हणून हा प्रकार वाढला तो तिकडे.

या कादंबऱ्यांचं सगळं गणित बायबलमधल्या एका वचनावर उभं आहे. 2 करिंथ 6:14 मध्ये प्रेषित पौल विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड संबंध जोडू नका म्हणून सांगतो. त्यामुळे नायिका विश्वासू, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी असली आणि नायक नसला, तर इथे आडवी येते ती जात नाही, पैसा नाही, आईबापही नाहीत. आडवा येतो त्याचा अविश्वास. लग्न लागायचं तर त्याने आधी देवाकडे वळलं पाहिजे. हा पेच चांगला आहे. पण बहुतेक कादंबऱ्या घसरतात त्या इथेच. पंचवीस प्रकरणं नायक देवावर रुसलेला असतो, पहिली बायको गेलेली असते किंवा युद्धातून तो मोडून आलेला असतो. मग एक वादळ येतं, एक प्रवचन होतं, तो गुडघे टेकतो आणि पुढच्या प्रकरणात चर्चची घंटा वाजते. वाचणाऱ्याच्या मनात शंका राहतेच, हा देवाकडे वळला की तिच्याकडे?

म्हणून कादंबरी पारखताना एक करून पाहा. लग्नाची शक्यता मनातल्या मनात काढून टाका. ती याला कधीच मिळणार नाही असं धरा. तरी त्याचा विश्वास टिकेल का? टिकेल असं वाटलं, तर लेखिकेने काम प्रामाणिकपणे केलं आहे.

या कसाला उतरणारं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे फ्रॅन्सीन रिव्हर्स यांची 'अ व्हॉइस इन द विंड', 1993 ची. कथा सुरू होते इसवी सन 70 मध्ये, रोमनांच्या हाती यरुशलेम पडताना. हदस्सा नावाची ख्रिस्ती यहुदी मुलगी गुलाम म्हणून रोमला एका श्रीमंत घरात येते. त्या घरचा मुलगा मार्कस तिच्यावर जीव टाकतो, लग्नाचं विचारतो, आणि ती नाही म्हणते, कारण तो विश्वास ठेवत नाही. गुलाम मुलीने मालकाच्या मुलाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे रिव्हर्स पानोपानी जाणवून देतात. 1994 च्या 'अ‍ॅन एको इन द डार्कनेस' या दुसऱ्या भागात मार्कस देवाचा शोध घेतो तो ती परत मिळेल ही आशाच उरलेली नसताना. बक्षीस काढून घेतलं आणि मग माणसाला वळवलं. असं धाडस या प्रकारात फार थोड्या जणी करतात. मात्र दुसरा भाग हाताशी असल्याशिवाय पहिला उघडू नका, त्याचा शेवट रात्रभर झोपू देत नाही. तिसरा भाग, 'अ‍ॅज शुअर अ‍ॅज द डॉन', अट्रेटीस या जर्मानिक ग्लॅडिएटरचा आहे. तो नंतर सवडीने वाचला तरी चालेल.

याच लेखिकेची जास्त गाजलेली कादंबरी 'रिडीमिंग लव्ह'. बायबलमधला होशेय संदेष्टा आणि त्याला सोडून जाणारी बायको गोमेर यांची गोष्ट तिने 1850 च्या सुमाराच्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीत नेली आहे. ही पुस्तकं देणाऱ्यांना इथे एक सांगायला हवं. यात लहान मुलीवरचे अत्याचार आहेत, तिला वेश्याव्यवसायात ढकलणं आहे. 'ख्रिस्ती पुस्तक आहे, चांगलंच असेल' असं म्हणून चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात देऊ नका, आणि असे घाव सोसलेल्या बाईला आधी विचारल्याशिवाय देऊ नका. आवृत्तीही बघा. 1991 ची पहिली आवृत्ती सर्वसाधारण बाजारासाठी निघाली होती. 1997 मध्ये ख्रिस्ती प्रकाशनाकडून आली ती लेखिकेने सुधारलेली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेताना आतलं पान उघडून साल पाहावं.

सुरुवात करायची असेल तर मात्र कॅनडाच्या जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' घ्या, 1979 ची. छोटी आहे. मार्टीचा नवरा पश्चिमेकडे जाताना मरतो, ती गरोदर असते. त्याला पुरलं त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर तिला लग्नाचं विचारतो, कारण त्याच्या लहानग्या मिसीला आई हवी आहे. वसंतात परत जायचं म्हणालीस तर गाडीभाडं देईन, असंही तो सांगतो. लग्न आधी उरकलेलं असल्यामुळे विश्वासाला कसली घाई नाही. क्लार्क जेवणापूर्वी प्रार्थना करतो, मार्टी ऐकत राहते, हिवाळा सरतो. इंग्रजी सोपं आहे, फक्त संवाद शेतकऱ्यांच्या बोलीत, शब्दांची टोकं खाऊन लिहिलेले आहेत. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, कान बसतो. मालिकेत आठ भाग आहेत, पहिले दोन पुरेसे आहेत. 2003 चा चित्रपट पाहून आलात तर तिथली मिसी बरीच मोठी आहे हे ध्यानात ठेवा, पुस्तकातली अजून नीट बोलतही नाही.

कॅथरीन मार्शल यांची 'क्रिस्टी', 1967, ही यातली सर्वांत भरीव. लेखिकेच्या आईच्या आयुष्यावर बेतलेली आहे. 1912 मध्ये एकोणीस वर्षांची मुलगी टेनेसीच्या डोंगरात मिशन शाळेवर शिकवायला जाते. गरिबी, पिढीजात वैरं आणि विषमज्वर, या सगळ्यात तिचा स्वतःचाच विश्वास किती पातळ आहे हे तिला कळत जातं. इथे वळायचं आहे ते नायिकेलाही. तिला मागणी घालणारा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आणि संशयी डॉक्टर यांत कोण खरा, हे ठरवायला लेखिका बराच वेळ घेते. अमेरिकेतल्या ख्रिस्ती कादंबऱ्यांच्या पुरस्काराला याच पुस्तकाचं नाव आहे. साधारण पाचशे पानं आहेत, वाचक-गटाने महिनाभर ठेवावी.

आमिश, म्हणजे आधुनिक सोयींपासून दूर, जुन्या रीतीने राहणारा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ. त्यांच्यावरच्या कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात. बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग', 1997, एवढी वाचा. 'शनिंग' म्हणजे आपल्याकडचं वाळीत टाकणं, त्यामुळे केटी लॅपचं दुःख मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. ही लाट मुख्यतः आमिश नसलेल्या लेखिकांनी आणली. या पुस्तकातला नियम आणि कृपा यांचा वादही बाहेरून पाहिलेला आहे, तेवढं धरून वाचावं.

हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनाची 'लव्ह इन्स्पायर्ड' ही मालिका 1997 पासून निघते. साधारण 55,000 शब्दांत प्रेमही जमवायचं आणि अविश्वासू माणसाला वळवायचंही, म्हणून वळण उरकलं जातं. त्यांतली घ्यायचीच तर मागच्या पानावरचा मजकूर वाचून, दोघंही आधीच विश्वासू आहेत आणि प्रश्न क्षमेचा आहे, अशी घ्या. तेवढ्या जागेत क्षमेची गोष्ट नीट मावते.