तीन खेळ आणि मधल्या दोन जागा

नमस्कार श्रोतेहो. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. 2000 साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तो 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं या अंतराचा. पहिल्यांदाच उतरणार असाल तर याच्या निम्म्या अंतराची ‘स्प्रिंट’ ट्रायथलॉन निवडा.

नोकरी-घर सांभाळून सराव करणारी आपली मंडळी तिन्ही खेळ चांगले घोटतात, पण वेगवेगळे. शर्यतीत गाडी अडते ती एका खेळातून दुसऱ्यात शिरताना. सायकलवरून उतरलात की पाय आपले वाटतच नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा सायकल ठेवली की लगेच बूट बदलून दहा-पंधरा मिनिटं धावा. सुरुवातीला मुद्दाम सावकाश. सायकलच्या वेगाला सरावल्यामुळे आपण किती जोरात पळतोय याचा अंदाजच येत नाही, आणि पहिल्या किलोमीटरची ती हौस शेवटी महागात पडते.

कपडे-बूट बदलायची जागा तर कुणी सरावातच धरत नाही. घरी करून बघा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, आत गॉगल. बुटांना इलास्टिकच्या लेस. आणि एक नियम अंगवळणी पाडा : हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल परत स्टँडवर अडकवल्याशिवाय ते सोडायचं नाही. घाईत हेच विसरतं आणि दंड बसतो. शर्यतीआधी पाण्यातून बाहेर येण्याच्या जागेपासून आपल्या सायकलपर्यंत एकदा चालत जा, कितवी रांग ते मोजा. ओल्या डोळ्यांना सगळ्या सायकली सारख्याच दिसतात, बरं का!

तलावात किंवा समुद्रात पोहण्याच्या टाकीसारखी तळाला रेघ नसते. सहा-आठ हात मारले की डोळे पाण्यावर काढून मार्ग दाखवणारा पुढचा तरंगता बोया बघायचा, नाहीतर फुकटचं अंतर वाढतं. गर्दीत श्वास अडकला तर पाठीवर वळा, दम घ्या. त्याला बंदी नाही. नवख्याने मुळात शर्यत सुटतानाच कडेला किंवा मागे उभं राहावं.

महागड्या चाकांवर तासन् तास चर्चा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांतल्या कितीजणांनी पंक्चर काढून पाहिलंय, देव जाणे. खाण्यापिण्याचंही तसंच. जे लांबच्या सरावात पोटाला मानवलं तेच शर्यतीत घ्या.

आता उत्साहाचं. बहुतेक सराव पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोरात करा. रोज जीव काढला की महिन्याभरात सायकलकडे बघावंसं वाटत नाही. एखादा दिवस बुडाला तर बुडाला. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून तो वसूल करायला जाऊ नका, दुखापती तिथेच होतात. आणि कंटाळा आला की आपण आवडत्या खेळाकडे पळतो. धावणारा धावतच सुटतो, पोहणं राहून जातं. म्हणून ज्या खेळात आपण कच्चे आहोत, त्याला आठवड्यातली सगळ्यात सोयीची वेळ द्या. उरलेल्या दोन खेळांसाठी तुम्ही वेळ काढालच.