मॅकडॉवेल काउंटीचा कोळसा आणि तिथली माणसं

नमस्कार मंडळी.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांची तरी मुलं किंवा नातवंडं अमेरिकेत असतील. त्यामुळे एडिसन, सनीव्हेल, ह्यूस्टन ही नावं आता आपल्या तोंडी रुळली आहेत. आज मात्र मी अशा ठिकाणाबद्दल बोलणार आहे, जिथे महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसण्याची सुतराम शक्यता नाही. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ साधारण १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा बऱ्यापैकी मोठा तालुका. १९५० च्या जनगणनेत इथे ९८,८८७ माणसं होती. २०२० च्या जनगणनेत १९,१११. पाचांतली चार गेली. युद्ध झालं नाही, दुष्काळ पडला नाही, धरणाखाली गावं गेली नाहीत. मग इतकी माणसं गेली का?

कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: कोळशाची गावं ती, कोळसा संपला, माणसं उठून गेली. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे एवढंच आज मला सांगायचं आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. अ‍ॅपलाचियन डोंगररांगेचा हा भाग. उंच कडे फारसे नाहीत, पण सपाट जमीन म्हणाल तर शोधून सापडायची नाही. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या घळीत एक ओढा, ओढ्याला लागून रूळ, रुळाला लागून रस्ता आणि उरल्या जागेत घरांची एकेरी ओळ. अशा घळीला तिथले लोक ‘होलर’ म्हणतात, आणि माणूस कुठल्या होलरमधला यावरून त्याचं घराणं ओळखतात. शेती जेमतेम पोटापुरती. १८५८ मध्ये काउंटी झाली तेव्हा इथे फार थोडी कुटुंबं होती.

१८८० च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या डोंगरांत शिरली आणि सगळं बदललं. इथल्या जमिनीखाली पोकाहॉन्टस नावाचा थर आहे. पोलादाच्या भट्ट्यांना कोक, म्हणजे भाजून शुद्ध केलेला कोळसा लागतो, त्या कोकसाठी हा कोळसा म्हणजे बावनकशी सोनं. गंधक कमी, धूर कमी, उष्णता भरपूर. रूळ येण्याच्या सुमारास बाहेरच्या भांडवलदारांनी जमिनी आणि जमिनीखालचे हक्क कवडीमोलाने घेऊन ठेवले होते. डोंगरावर मक्याचं शेत करणाऱ्याला आपल्या पायाखाली काय आहे हे उमगेपर्यंत खरेदीखत होऊनही गेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती लागणार आहे.

मग गावं उभी राहिली, कंपनीची गावं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, बऱ्याच ठिकाणी चर्चसुद्धा कंपनीने बांधलेलं. पगाराचा काही भाग स्क्रिपमध्ये, म्हणजे कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या बिल्ल्यांत. यू. एस. स्टील या महाकाय कंपनीने इथे गॅरी नावाचं गाव वसवलं आणि अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचं नाव त्याला दिलं. खाणीत उतरायला अलाबामा-व्हर्जिनियातून कृष्णवर्णीय मजूर आले, हंगेरीतून आले, इटलीतून, पोलंडमधून आले. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांचं मत युक्त्या लढवून हिरावून घेतलं जात होतं. वेस्ट व्हर्जिनियात ते शाबूत होतं, त्यामुळे इथे त्यांचं राजकीय वजन तयार झालं. १९२८ मध्ये मिनी बकिंगहॅम हार्पर यांची राज्याच्या विधिमंडळात नेमणूक झाली. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळातली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी किंबॉल गावात पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची स्मारक-इमारत उभी राहिली. ‘मागासलेला डोंगराळ भाग’ असं आपण पटकन म्हणून जातो. १९२८ साली बाकीचा देश कुठे होता, हेही मग विचारायला हवं.

गुलाबी चित्र रंगवायचा माझा इरादा नाही. वेल्च हे काउंटीचं मुख्य गाव. तिथलं न्यायालय चढावर आहे, रस्त्यावरून दगडी पायऱ्या वर जातात. १ ऑगस्ट १९२१ रोजी सिड हॅटफील्ड आणि एड चेंबर्स हे दोघे आपापल्या बायकांसह त्या पायऱ्या चढत होते. हॅटफील्ड शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवान गावचा पोलीसप्रमुख, पण युनियनच्या बाजूचा. आदल्या वर्षी खाणमालकांच्या खासगी हेरांशी मेटवानमध्ये गोळीबार झाला होता, त्याचा राग त्याच्यावर होता. एका खटल्यासाठी तो वेल्चला आला होता, आणि निःशस्त्र होता. वर उभ्या असलेल्या त्याच हेरसंस्थेच्या माणसांनी भर दिवसा दोघांनाही गोळ्या घातल्या. चेंबर्सची बायको हातातली छत्री मारेकऱ्यावर हाणत राहिली. शिक्षा कुणालाही झाली नाही. महिनाभरात सुमारे दहा हजार खाणकामगार बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनकडे निघाले आणि त्यांना आवरायला केंद्र सरकारला सैन्य पाठवावं लागलं.

खाणीतलं मरण वेगळंच. १० जानेवारी १९४० रोजी बार्टलीच्या खाणीत स्फोट झाला, ९१ जण गेले. खाणीतून धडधाकट वर आलेला पुढे फुप्फुसात साठलेल्या धुळीने जायचा. तरीही लोक येत राहिले, कारण पैसा होता. १९५० च्या आसपास शनिवारी संध्याकाळी वेल्चच्या रस्त्यावर चालायला जागा नसे. गाड्या लावायला जागा पुरेना म्हणून १९४१ मध्ये नगरपालिकेने चक्क बहुमजली पार्किंग बांधलं. देशातलं नगरपालिकेच्या मालकीचं हे पहिलंच पार्किंग, असं वेल्चकर अभिमानाने सांगतात.

आणि नेमक्या याच टप्प्यावर घसरण सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणीत ‘कंटिन्युअस मायनर’ हे यंत्र आलं. खोदणं, फोडणं, भरणं ही सगळी कामं ते सलग करतं. १९५० मध्ये खाणकामगार संघटनेचे नेते जॉन एल. लुइस यांनी मालकांशी करार केला. यांत्रिकीकरणाला संघटना आडवी येणार नाही, बदल्यात निघालेल्या प्रत्येक टनामागे काही रक्कम कामगारांच्या दवाखान्यांच्या आणि पेन्शनच्या निधीत जाईल. उरलेल्यांना पगार चांगले मिळाले, पण उरले किती? १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार करताना जॉन केनेडी इथे फिरले. पुढे ओहायोतल्या एका भाषणात त्यांनी सांगितलं ते साधारण असं होतं: मॅकडॉवेलमध्ये आज पूर्वी कधी नव्हता इतका कोळसा निघतो, आणि तरी सरकारी शिधा घेणारी माणसंही देशात सगळ्यांत जास्त याच काउंटीत आहेत, कारण माणसांचं काम यंत्र करतंय. म्हणजे कोळसा संपण्याचा प्रश्नच नव्हता. कोळसा निघत होता, मालगाड्या भरून जात होत्या. गरज संपली होती ती माणसांची.

निवडून आल्यावर केनेडींनी फूड स्टॅम्प योजना, म्हणजे गरिबांना दुकानात धान्य-किराणा घेण्यासाठी सरकारी कूपनं देण्याची योजना, प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. तिचे पहिले लाभार्थी याच काउंटीतले. बेकार खाणकामगार, त्याची बायको आणि तेरा मुलं, असं पंधरा माणसांचं घर. २९ मे १९६१ रोजी वेल्चमध्ये खुद्द कृषिमंत्र्यांनी त्यांच्या हातात ९५ डॉलरचे स्टॅम्प ठेवले, आणि वेल्चच्याच सुपरमार्केटात त्या जोडप्याने पहिली वस्तू घेतली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा डबा. छायाचित्रकार सभोवती होतेच. या काउंटीला देशाने जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा असं कॅमेऱ्यातून, आणि बहुतेक वेळा हात पसरलेला असताना. तिथल्या लोकांच्या मनात याचा सल आहे. ते सारखं सांगतात की याच काउंटीतल्या कोलवुड गावातून रॉकेट उडवणारा होमर हिकम पुढे नासात इंजिनिअर झाला, टीव्हीवरचा स्टीव्ह हार्वी वेल्चमध्ये जन्मला, तेही लिहा की.

१९८० च्या दशकात अमेरिकेचा पोलाद-उद्योग बसला आणि यू. एस. स्टीलने इथून काढता पाय घेतला. एका दशकात काउंटीची लोकसंख्या जवळजवळ ५० हजारांवरून ३५ हजारांवर आली. कंपनीच्या गावातून कंपनी गेली की काय मागे राहतं? नळ. कंपनीने आपल्या वसाहतीपुरते टाकलेले पाइप, टाकी, पंप. ते सांभाळायचे कुणी? कुठे ते चिमुकल्या नगरपालिकांच्या गळ्यात पडले, कुठे कुणाच्याच नाही. वर्षानुवर्षं ‘पाणी उकळून प्या’ असा हुकूम असलेली गावं इथे आहेत. लोक गाडीच्या डिकीत रिकामे कॅन टाकून निघतात. रस्त्याकडेला डोंगरातून पाइपने पाणी बाहेर येतं, तिथे रांग लावून भरून आणतात. सांडपाण्याची गत त्याहून वाईट. कित्येक घरांचं सांडपाणी थेट ओढ्यात जातं. गंमत म्हणजे त्यातला एल्कहॉर्न हा ओढा ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे, लांबून हौशी गळवाले येतात. अलीकडे डिगडीप नावाची संस्था तिथे घराघरांत नळ पोचवायचं काम करते आहे. अमेरिकेत.

प्रकृतीचे आकडे पोटात गोळा आणणारे आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षं निघालं. व्हर्जिनियात, गाडीने एका दिवसात पोचता येणाऱ्या फेअरफॅक्समध्ये तेच सुमारे ८२. वेदनाशामक गोळ्यांनी इथे हाहाकार केला. खाणीत पाठ मोडलेल्या माणसाला डॉक्टरने गोळी दिली, तिची सवय लागली, पुढे हेरॉइन. बरीच मुलं आज आजी-आजोबांकडे वाढतात. २०१६ च्या डिसेंबरमध्ये काउंटीने औषध-वितरक कंपन्यांवर दावा लावला. त्याच वर्षाच्या जानेवारीत किंबॉलचं वॉलमार्ट बंद झालं होतं. आपण वॉलमार्टला नावं ठेवतो, पण तिथे ते गेल्यावर नोकऱ्या गेल्या, अन्नपेढीला मिळणारा माल थांबला आणि ताज्या भाजीसाठी डोंगरातून लांबवर गाडी हाकायची वेळ आली. जुना स्टीव्हन्स दवाखाना आता तुरुंग आहे. दवाखान्याच्या जागी तुरुंग, आणि तोही इथे रोजगार म्हणून मोजला जातो.

राजकारणाचं विचाराल, तर पिढ्यान्पिढ्या डेमोक्रॅटिक असलेल्या या काउंटीने २००८ मध्ये ओबामांना कौल दिला. २०१२ मध्ये ती उलटली, आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना जवळजवळ तीन चतुर्थांश मतं मिळाली. शहरातले विद्वान म्हणाले, हे लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. मला हे पटत नाही. पदवी नसलेल्या माणसाला घर चालेल असा पगार देणारं काम इथे एकच आहे, खाणीतलं. ते बंद व्हायला हवं म्हणणाऱ्याने दुसरं काय देणार ते सांगितलं नाही. ते परत आणतो म्हणणाऱ्याने निदान त्यांच्याशी बोलण्याचे कष्ट घेतले. खाणी काही परत भरल्या नाहीत, हे वेगळं.

राहिलेले लोक स्वस्थ बसलेले नाहीत. शिक्षक येऊन टिकत नव्हते, कारण राहायला धड घर मिळत नव्हतं. शिक्षक संघटनेने राज्याला आणि इतरांना बरोबर घेऊन २०११ मध्ये ‘रीकनेक्टिंग मॅकडॉवेल’ हा उपक्रम सुरू केला, आणि वेल्चमध्ये शिक्षकांसाठी नवी इमारत बांधून घेतली. २००१ आणि २००२ मध्ये पाठोपाठ पूर आले, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा आला. तेव्हा चिखल उपसायला आधी शेजारीच होते, चर्चची माणसं होती.

अलीकडचा धंदा म्हणजे पर्यटन. हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स या नावाने डोंगरांतून एटीव्हींसाठी, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या उघड्या चारचाकींसाठी, वाटा काढल्या आहेत. ओहायो, नॉर्थ कॅरोलायनातून लोक गाड्या ट्रेलरवर लादून येतात, चिखलाने माखून वेल्चच्या रस्त्यावरून तशाच जेवायला जातात. जुन्या खाण-कामगारांच्या घरांत भाड्याच्या खोल्या निघाल्या आहेत, चार पैसे येतात. मघाशी खरेदीखताची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं. त्या वाटा ज्या डोंगरांवरून जातात त्यांतली बहुतेक जमीन आजही बाहेरच्या जमीन आणि कोळसा कंपन्यांच्या नावावर आहे. ट्रेलचं खातं त्यांच्याशी करार करून ती वापरतं. वेल्चमध्ये खोली भाड्याने देणाऱ्या बाईंच्या मालकीचं घर आहे, मागचा डोंगर नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.