शकुनीचा पाय

(फोंडा, गोवा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय ‘माध्यमांतलं अपंगांचं चित्रण’ असा आहे. पण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला आहे, म्हणून सिनेमाच्या आधी आपल्या नाटकांचंच बोलतो.

देवळाच्या उत्सवात, जत्रेच्या रात्री आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी नाटकं करत आलो. सामाजिक नाटक असलं की त्यात एखादा तोतरा नोकर नाहीतर बहिरा म्हातारा हटकून असतो. नोकराचा शब्द अडतो, म्हाताऱ्याला भलतंच ऐकू येतं आणि हशा पिकतो. लेखकाला त्या जागी काही सुचलेलं नसलं तरी भागतं. पौराणिक नाटक असेल तर शकुनी लंगडत येतो.

हा लंगडा शकुनी आला कुठून? १९८८ मध्ये दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ सुरू झालं. त्यात गुफी पेंटल यांनी पाय ओढत चालणारा शकुनी उभा केला आणि तो घराघरांत पोचला. काम अप्रतिम होतं, यात वाद नाही. पण व्यासांच्या संहितेत शकुनी लंगडा असल्याचं वर्णन नाही. लोककथांनी आणि नटांनी त्याला तो पाय दिला, कारण मनातलं कपट चालीतून दाखवणं सोपं जातं. मंथरेचं कुबड वाल्मीकींचंच आहे, ते मान्य. पण महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्रही आहे ना! आठ ठिकाणी वाकलेला हा मुलगा जनकाच्या यज्ञमंडपात जातो, बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवतो आणि त्या पंडिताने पाण्यात बुडवलेला आपला बाप परत मिळवतो. अपमान आहे, वाद आहे, बापलेकाची भेट आहे. नाटकाला आणखी काय लागतं? तरी कुठल्या उत्सवात अष्टावक्राचं नाटक लागलेलं मी पाहिलेलं नाही. वाकड्या शरीरात कपट असणार हे आपल्याला पटकन पटतं. त्याच शरीरात विद्वत्ता असेल, हे मात्र पटवून द्यावं लागतं.

मला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर घालून चालायचो. नाटकाचं वेड घरातच होतं, त्यामुळे तालमीला रोज जायचो आणि मला प्रॉम्प्टिंग मिळायचं. विंगेत बसून सगळ्यांची भाषणं पाठ व्हायची. पुढे एका वर्षी भूमिका मिळाली, ती मंथरेची. दिग्दर्शक म्हणाले, “तुला चाल शिकवायला नको.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि मलाही त्या रात्री आनंदच झाला. पण द्वारपालाचं कामसुद्धा मला कधी का मिळालं नाही, हा प्रश्न फार पुढे पडला. द्वारपालाला तर जागचं हलावंही लागत नाही. नाटकाला माझ्या पायाचा उपयोग होता, माझा नव्हता.

आता सिनेमाकडे येऊ. २०२४ मध्ये दोन हिंदी चित्रपट आले. ‘श्रीकांत’ हा अंध उद्योजक श्रीकांत बोल्ला यांच्यावर आणि ‘चंदू चॅम्पियन’ हा मुरलीकांत पेटकर यांच्यावर. पेटकर आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातले, सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आलं आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवलं. ही माणसं पडद्यावर आली याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दोन्ही भूमिका धडधाकट नटांनी केल्या. याबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘दुसऱ्याचं आयुष्य जगणं हाच तर अभिनय.’ उत्तर खरं आहे, पण ते एकाच बाजूने लागू होतं. डोळस नट अंध होतो आणि त्याला बक्षिसं मिळतात. अंध नटाला वकिलाची, सासऱ्याची, शेजाऱ्याची भूमिका कोण देतं?

अपंग कलाकारांकडून काम करून घेतलं गेलंच नाही, असंही नाही. सुधा चंद्रन यांनी १९८६ च्या ‘नाचे मयूरी’मध्ये स्वतःचीच कथा साकारली. मराठीत २०१४ च्या ‘येलो’मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत होत्या. २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेले दहा कलाकार होते. तरी बघा, या भूमिकांत त्यांचं अपंगत्व हाच कथेचा विषय आहे.

आणि माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरणही मीच सांगतो. सई परांजपे यांचा १९८० चा ‘स्पर्श’. अंध मुख्याध्यापकाची भूमिका नसीरुद्दीन शाह यांची, म्हणजे डोळस नटाचीच. पण तो मुख्याध्यापक मानी आहे, चिडका आहे, प्रेम करणाऱ्या बाईला दुखावतो. त्याला चुकायची मुभा आहे. एरवी आपण अपंग पात्राला एकतर खलनायक करतो, नाहीतर संत. अंध शाळेतली खरी मुलंही त्या चित्रपटात आहेत, आणि ती खोड्या काढतात. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

वर्तमानपत्रांबद्दल बोललं पाहिजे, कारण ती रोज घरात येतात. दहावी-बारावीचा निकाल लागला की चौकट ठरलेली: ‘अंधत्वावर मात करून मिळवले यश’. खाली पेढा भरवणारी आई. त्या मुलीला ब्रेल पुस्तकं वेळेवर मिळाली का, लेखनिक कुणी शोधला, जादा वेळ दिला का, हे कुणी विचारत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो मिळाला नसेल तर बातमी ती आहे. मुलीने मात केली ती डोळ्यांवर की व्यवस्थेवर, हे वाचकाला कळायला नको का? ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या फोटोंत तर व्हीलचेअर देणारे पाहुणे मध्ये आणि व्हीलचेअरवरचा माणूस कडेला.

८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘आंख मिचोली’ चित्रपटात अपंगांची टिंगल केल्याच्या तक्रारीवर निकाल दिला, तो प्रत्येक लेखकाने वाचावा. चित्रपटावर कारवाई झाली नाही. पण अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद, यांत न्यायालयाने स्पष्ट फरक केला. हीन शब्द टाळा, निर्मितीत अपंगांना सामील करून घ्या, असंही सांगितलं. म्हणजे हसायचं नाही, असं कुणी म्हणत नाही. तोतऱ्या माणसालाही विनोद करता येतो. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत आपण थांबायला हवं.

सामील करून घेणं कसं दिसतं, ते आपण गोव्यातच पाहिलंय. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगांचा महोत्सव झाला. मंचावर गाणारे, नाचणारे, बोलणारे अपंग, आणि शेजारी खुणांच्या भाषेत सांगणारे दुभाषे. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी सूचना काढल्या: बहिऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्यावर मजकूर, अंधांसाठी ध्वनिवर्णन. २०२५ पासून इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी येणाऱ्या चित्रपटांनाही ही सोय देणं अपेक्षित आहे.

आपल्या उत्सवी नाटकांना असल्या कुठल्याच सूचना लागू नाहीत. मांड, म्हणजे खेळ करायची जागा, आपला, मंडळ आपलं, पात्रयोजनाही आपलीच. म्हणून मंडळांना माझं सांगणं आहे: यंदा तालीम वरच्या मजल्यावर ठेवू नका. रंगपटाच्या पायऱ्यांवर फळी टाका, सुतार एका दिवसात करून देतो. गावातल्या व्हीलचेअरवरच्या मुलीला, काठी घेऊन फिरणाऱ्या मुलाला वाचनाला बोलवा, आणि आधी संहिता हातात द्या, ब्रेलमध्ये नसेल तर मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करून द्या. भूमिका मग ठरवा. ती वकिलाची असू दे, सावकाराची असू दे, आणि संहितेत त्या माणसाच्या पायांचा उल्लेख नसेल तर तो नव्याने घालू नका.